चिकूसारखीच दुसरी हवी, पण कोणाच्या पोटातून?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात परत लिहिते. चिकू तुमची १२ वर्षांची इंडी, म्हणजे आपली देशी कुत्री, भर पावसात एका रात्री स्कूटरच्या फूटबोर्डवर येऊन बसली ती कायमची तुमची झाली. आता किडनी गेलीये, क्रिएटिनिन वाढतच चाललंय आणि डॉक्टरांनी काही महिने सांगितलेत. लहानपणीच ऑपरेशन केलेलं, त्यामुळे तिचं पिल्लू नाही. भाऊ न्यू जर्सीला, तो म्हणतोय इकडे टेक्सासमध्ये कंपनी आहे, क्लोन करून देतात, पैसे मी भरतो, तू फक्त हो म्हण. आई म्हणतेय हे पाप आहे. आणि तुम्ही विचारताय की हे करणं चुकीचं आहे का, आणि जी येईल ती मला ओळखेल का.

मी साताऱ्यात २६ वर्षं प्रॅक्टिस करतेय, शिक्षण परळच्या व्हेटर्नरी कॉलेजचं. क्लोनिंग मी स्वतः कधी केलेलं नाही. पण त्यात ज्या पायऱ्या येतात, म्हणजे कुत्री कधी माजावर आलीये ते ओळखणं, प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची टेस्ट, पोट उघडणं, सिझर, अशक्त पिल्लू रात्रभर उबेत ठेवून जगवणं, हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे मला जे दिसतं ते ऑपरेशन टेबलाच्या बाजूने दिसतं, आणि उत्तरही तिथूनच देणार आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते, करू नका. का ते नीट सांगते, कारण नुसतं "निसर्गाच्या विरुद्ध आहे" म्हणून मी सांगत नाहीये. तसं बघायला गेलं तर चिकूचं लहानपणी केलेलं ऑपरेशनही निसर्गाच्या विरुद्धच होतं आणि त्यामुळेच ती इतकी वर्षं गर्भाशयाच्या इन्फेक्शनशिवाय जगली.

तुमचा दुसरा प्रश्न पहिला घेते, कारण खरा जीव त्यात अडकलाय. नाही, ती तुम्हाला ओळखणार नाही. क्लोन म्हणजे एवढंच की चिकूच्या कातडीतल्या एका पेशीतलं केंद्रक घेऊन दुसऱ्या कुत्रीच्या बीजांडात घालतात, त्या बीजांडाचं स्वतःचं केंद्रक आधी काढून टाकलेलं असतं, मग विजेचा बारीक झटका देऊन ते दोन्ही एकजीव करतात आणि तयार झालेला गर्भ तिसऱ्याच कुत्रीच्या पोटात सोडतात. जन्माला येतं ते पिल्लू म्हणजे चिकूची जुळी बहीण, फक्त १२-१३ वर्षं उशिरा आलेली. जुळ्या बहिणीला तुमच्या घरातलं काय आठवणार? फूटबोर्ड नाही, तुमचा वास नाही, काहीच नाही.

आणि दिसायलाही हुबेहूब असेलच असं नाही बरं का. जगातली पहिली क्लोन मांजर टेक्सास ए अँड एम विद्यापीठात डिसेंबर २००१ मध्ये झाली, तिचं नाव सीसी. जिच्यापासून केली ती रेनबो तिरंगी मांजर होती, पांढऱ्यावर काळे-केशरी ठिपके असलेली. सीसीच्या अंगावर केशरी रंगच आला नाही! कारण असं की मांजरीत हा काळा-केशरी रंग एक्स क्रोमोसोमवर असतो, मादीत दोन एक्स असतात आणि प्रत्येक पेशीत त्यातला एक बंद पडतो, कुठला ते नशिबावर, आणि ज्या पेशीपासून सीसी केली तिच्यात केशरीवाला बंद होता. बाकी सीसी छान जगली, १८ वर्षांची होऊन २०२० मध्ये गेली, तिला स्वतःची पिल्लंही झाली. पण ती रेनबो नव्हती. कुत्र्यांत रंगाचं गणित वेगळं आहे, पण पांढरे पट्टे, ठिपके नेमके कुठे पडतात ते पोटातल्या वाढीवरही अवलंबून असतं. तुम्ही लिहिलंय की चिकूच्या फक्त डाव्या पुढच्या पायाला पांढरा मोजा आहे. तो मोजा क्लोनला असेलच असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

स्वभावाचं मात्र मी प्रामाणिकपणे दोन्ही बाजूंनी सांगते. जीन्सचा वाटा असतो, अजिबात नाही असं नाही. दक्षिण कोरियाच्या कस्टम्सने सामान हुंगून शोधणाऱ्या एका चांगल्या लॅब्राडॉरचे २००७ मध्ये सात क्लोन करून घेतले, ते ट्रेनिंगमध्ये चांगले निघाले आणि कामालाही लागले. म्हणजे नाकाची तयारी, खेळाची हौस, न घाबरणं असं काही प्रमाणात येतं. पण उलट बार्ब्रा स्ट्रायसँड बघा, त्या अमेरिकन गायिकेने तिची सामंथा गेल्यावर दोन क्लोन करून घेतले आणि २०१८ मध्ये तिने स्वतःच सांगितलं की दोघींचे स्वभाव वेगवेगळे आहेत. त्या दोघी एकाच कुत्रीच्या पेशींपासून झालेल्या, एकाच घरात वाढलेल्या, तरी.

आता तुमची चिकू बघा. तुम्ही लिहिलंय, ती फटाके वाजले की बाथरूममध्ये जाऊन बादलीमागे बसते, पण आईला दवाखान्यात ॲडमिट केलं होतं तेव्हा चार दिवस दारातच पडून होती, जेवली नाही. ही चिकू कशाने झाली? रस्त्यावरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत तिने जे पाहिलं त्याने झाली, भुकेने झाली, कोणीतरी मारलेल्या दगडाने झाली, मग तुमच्या घरातल्या आवाजांनी झाली. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की साधारण तीन-साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत जे बघतं, हुंगतं, ज्याला घाबरतं ते त्याच्यात कायमचं बसतं. क्लोनचे ते दिवस अमेरिकेतल्या लॅबमध्ये स्वच्छ पिंजऱ्यात, इंग्रजी बोलणाऱ्या लोकांच्या हातात जातील. ती कदाचित जास्त धीट निघेल, कदाचित कोणाच्या अंगाखांद्यावर न येणारी निघेल. चांगलीच निघेल हो, कुत्री वाईट नसतातच. पण तुम्ही तिच्यात रोज चिकूला शोधणार आणि ती बिचारी रोज नापास होणार.

हे मी हवेत बोलत नाहीये. आमच्याकडे एक रिटायर्ड शिक्षक यायचे, त्यांचा डॅशंड मोती १४ वर्षांचा होऊन गेला. सर इतके कोसळले की मीच त्यांना म्हटलं होतं, सर, तसंच एक पिल्लू आणा, त्याच ब्रीडरकडे बघा. त्यांनी शोधून मोतीच्याच नात्यातलं, त्याच तांबड्या रंगाचं पिल्लू आणलं, नाव पण मोतीच ठेवलं. व्हॅक्सिनला आले की प्रत्येक वेळी एकच वाक्य, "डॉक्टर, मोती असं करायचा नाही." हा मोती गाडीत ओकायचा, तो नाही. हा पोळी खायचा नाही, तो खायचा. सहा महिन्यांनी एकदा त्यांनी त्या पिल्लाला टेबलावर सोडलं आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, आणि ते पिल्लू मात्र पूर्ण वेळ मान वळवून त्यांच्याकडेच बघत होतं, मी सुई टोचली तरी त्याचं लक्ष सरांवरच. पुढे त्यांच्या सुनेने त्याचं नाव बदलून चिंटू केलं आणि मग हळूहळू सर त्याच्याशी बोलायला लागले. चूक माझी होती, दुःखाच्या पहिल्या महिन्यात मी तसा सल्ला द्यायला नको होता. तेव्हापासून "तसंच आणा" हे शब्द मी कोणाला बोललेले नाहीत. क्लोन म्हणजे तर "तसंच आणा" याचं टोक.

पण एवढंच असतं तर मी म्हटलं असतं की हा तुमचा आणि तुमच्या मनाचा प्रश्न आहे, मी कोण मध्ये पडणारी. मला खरं जे टोचतं ते पुढे आहे.

कुत्रीचं शरीर क्लोनिंगला फार अवघड आहे. गाई-म्हशींची बीजांडं लॅबमध्ये पक्व करता येतात, सुईने काढता येतात, कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयांतूनही मिळतात. कुत्रीत बीजांड अंडाशयातून सुटतं तेच कच्चं, मग नळीत दोन-तीन दिवस राहून ते पक्व होतं, आणि ते लॅबमध्ये पक्व करणं नीट जमत नाही. त्यामुळे काय करावं लागतं, तर कुत्री माजावर यायची वाट बघायची, जी वर्षातून एक-दोनदाच येते, रोज रक्त काढून प्रोजेस्टेरॉन बघायचं, बरोबर वेळ साधून तिला भूल द्यायची, पोट उघडायचं आणि नळ्या धुवून बीजांडं बाहेर काढायची. ही झाली बीजांड देणारी. मग तयार गर्भ ठेवायला दुसरी कुत्री, तीही बरोबर त्याच दिवसांत माजावर आलेली हवी, तिचंही पोट उघडून गर्भ नळीत सोडायचे. गर्भ राहिला तर साधारण ६३ दिवस, आणि पोटात एकच मोठं पिल्लू असलं की बऱ्याचदा नीट कळाच येत नाहीत, परत सिझर.

पहिलं क्लोन कुत्रं स्नप्पी, अफगाण हाउंड, २४ एप्रिल २००५ ला सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठात जन्मलं. ताई नावाच्या कुत्र्याच्या कानाच्या कातडीतून केलेलं. त्या एकासाठी १,०९५ गर्भ १२३ कुत्र्यांच्या पोटात सोडले होते. तिघींना गर्भ राहिला, एकीचा पडला, दोन पिल्लं झाली, त्यातलं एक २२ दिवसांनी न्यूमोनियाने गेलं. १२३ पोटं उघडली तेव्हा एक स्नप्पी. ज्या शास्त्रज्ञाने ते केलं त्या ह्वांग वू-सुकचं माणसाच्या स्टेम सेलवरचं संशोधन पुढे खोटं निघालं, मोठा गाजावाजा झाला, पण स्नप्पी खराच क्लोन होता हे तपासून सिद्ध झालंय.

आता तंत्र सुधारलंय, हजाराच्यावर कुत्र्यांची क्लोन झालीत, तरी पोटात सोडलेल्या गर्भांपैकी साधारण १०० मागे दोनच पिल्लं होतात असं ते काम करणाऱ्यांनीच लिहिलंय. तुमच्या भावाला कंपनी जो फोटो दाखवेल त्यात एक गोंडस पिल्लू असेल. ज्यांची पोटं उघडली त्या कुत्र्या त्या फोटोत नसतील.

एक प्रसंग सांगते. क्लोनिंगचा नाही, पण मला क्लोनिंगबद्दल कोणी विचारलं की तोच डोळ्यासमोर येतो. जानेवारीची रात्र, दीड वाजलेला, एक ब्रीडर त्याची लॅब्राडॉर घेऊन आला, सकाळपासून अडलेली. केसपेपर भरताना नाव विचारलं तर म्हणाला, "नाव नाही हो मॅडम, चार नंबर लिहा." मी घाईत खरंच ४ लिहिलं. पोट उघडलं तर आत आधीच्या तीन सिझरचे व्रण, आतडं गर्भाशयाला चिकटलेलं, ते सोडवायलाच अर्धा तास गेला. पाच पिल्लं, तीन जिवंत. टॉवेलने चोळून, तोंडातलं पाणी काढून बास्केटमध्ये ठेवली. ती भुलीतून बाहेर येत होती, डोळे अजून तिरके, मान उचलता येत नव्हती, पण बास्केटमधून पहिला चूं आवाज आला आणि तिची जीभ हलायला लागली. हवेतच चाटत होती. मी एक पिल्लू तिच्या तोंडाजवळ नेलं तेव्हा कुठे ती शांत झाली. महिन्याभराने तोच माणूस तिला परत घेऊन आला, पिल्लं लवकरच विकून टाकलेली, हिच्या सडांना दगडासारखी गाठ, हात लावला तर चटका बसेल इतकी गरम, आणि दवाखान्यात दुसऱ्या कोणाचं पिल्लू रडलं की ही उठून दाराकडे जायची. त्या पेपरवर नावाच्या जागी मी ४ लिहिलं याचं मला आजही वाईट वाटतं.

क्लोनिंगच्या लॅबमध्ये अशी अवस्था असते असं मी अजिबात म्हणत नाही. तिथे भूल चांगली असेल, स्वच्छता माझ्या दवाखान्यापेक्षा दहापट असेल. माझा प्रश्न वेगळा आहे. मी दर आठवड्याला कुत्र्यांची पोटं उघडते, रस्त्यावरच्या कुत्र्यांचीही उघडते, त्यांनी मला कधी परवानगी दिलेली नसते. मग मला तो हक्क कुठून मिळतो? यातून मिळतो की ते ऑपरेशन तिच्यासाठी असतं. तिला पुढे गर्भाशयात पू होऊ नये, दर सहा महिन्यांनी गटाराकाठी व्यायला लागू नये, पिल्लं गाडीखाली जाताना बघायला लागू नयेत. टाका मी घालते पण फायदा तिचा. क्लोनिंगमध्ये बीजांड देणारी आणि पोटात वाढवणारी, या दोघींपैकी एकीच्याही ऑपरेशनमध्ये तिच्या स्वतःच्या भल्याचं काहीच नाही.

यावर मला एका ज्युनियरने बरोबर विचारलं होतं, मॅडम, मग आपण टिक फीव्हरच्या (गोचिडतापाच्या) केसला दुसऱ्या कुत्र्याचं रक्त घेतो ते? त्याला तरी काय फायदा? प्रश्न रास्त आहे, मी दोन दिवस विचार करत होते. फरक असा की तिथे दुसऱ्या टेबलावर एक जीव आत्ता, या मिनिटाला मरत असतो आणि त्या रक्ताने तो उठून बसतो, आणि देणाऱ्याला गळ्यात एक सुई टोचते, संध्याकाळी तो पळत असतो. क्लोनिंगमध्ये वाचणारं कोणीच नाही. चिकू त्याने वाचत नाही. ती तिच्या वेळेला जाणारच आहे. मग त्या अनोळखी कुत्र्यांनी जे सोसलं ते कोणासाठी, तर आपल्या आठवणीसाठी. तुमच्या दुःखाला मी कमी लेखत नाही, पण ते दुःख दुसऱ्या कुत्रीच्या पोटावर टाके घालून भरून काढायचा हक्क तुम्हाला आहे असं मला वाटत नाही, आणि चिकूसाठी एवढं करणाऱ्या माणसाला ते पटेल असं मला मनापासून वाटतं.

काही गोष्टी क्लोनिंगविरुद्ध उगाच बोलल्या जातात, त्या मी बोलणार नाही. क्लोन लवकर म्हातारे होतात हे सगळ्यांनी डॉलीमुळे धरून ठेवलंय. डॉली मेंढी १९९६ ची, २७७ प्रयत्नांतून एक, २००३ मध्ये सहा वर्षांची असताना गेली, पण तिला फुप्फुसाचा जो आजार झाला तो मेंढ्यांत व्हायरसने होतो. डॉली ज्या पेशींपासून केली त्याच पेशींपासून नंतर केलेल्या चार मेंढ्या नीट म्हाताऱ्या झाल्या, २०१६ मध्ये तपासल्या तेव्हा वयाच्या मानाने ठणठणीत होत्या. स्नप्पीही १० वर्षं जगला. तेव्हा जे क्लोन धडधाकट जन्मतं ते बहुतेक धडधाकटच राहतं, त्रास त्याच्या आधीच्यांचा असतो, जे गर्भ पडतात, जी पिल्लं दोन दिवसांत जातात आणि ज्यांच्या पोटातून ते होतं.

मी सरसकट क्लोनिंगच्या विरोधातही नाही. आपल्याकडे कर्नालच्या एनडीआरआयने, म्हणजे राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने, २००९ मध्ये म्हशीचं क्लोन केलं, पहिलं पारडू काही दिवसांतच गेलं, मग गरिमा नावाची पारडी झाली, आणि मार्च २०२३ मध्ये गीर गाईचं क्लोन गंगा. तिथे हेतू शेतकऱ्याच्या गोठ्यात चांगली जात टिकावी हा आहे, त्यावर वाद घालता येईल पण हेतू समजतो. अमेरिकेत काळ्या पायांचं फेरेट म्हणून मुंगसासारखा एक प्राणी जवळजवळ संपला होता, १९८८ मध्ये गोठवून ठेवलेल्या पेशींपासून डिसेंबर २०२० मध्ये त्याचं क्लोन केलं, एलिझाबेथ ॲन. अख्खी जात वाचवायची असेल तर काही जनावरांनी सोसलं त्याला मोल आहे. पण इंडी कुत्र्यांची जात काही संपत चाललेली नाही. चिकूच्या रक्ताच्या बहिणी, भाच्या, त्यांची पिल्लं तुमच्या कोथरूडच्या त्याच गल्लीत असतील.

इथे लोक लगेच पैशाचा मुद्दा काढतात, ५० हजार डॉलर म्हणजे ४० लाखांच्या वर, तेवढ्यात किती भटक्या कुत्र्यांचं भलं होईल वगैरे. मी तो मुद्दा काढणार नाही. लोक लग्नात त्याहून जास्त उडवतात आणि त्यांना कोणी कुत्र्यांचा हिशोब दाखवत नाही. तुमच्या भावाचे कष्टाचे पैसे, त्याने कशावर घालावेत ते त्याचं त्याने ठरवावं.

भावाबद्दल मात्र एक बोलते, चुकत असेन तर माफ करा. परदेशात असलेल्या मुलांचे असे फोन मला खूप येतात. आई आजारी, कुत्रं आजारी, आणि तो तिकडे रात्री तीन वाजता जागा, हातात काहीच नाही. चिकूला पहिल्यांदा आंघोळ त्यानेच घातली होती असं तुम्हीच लिहिलंय. त्याला काहीतरी करायचंय आणि तिकडून करता येण्यासारखं पैसे भरणं एवढंच आहे. त्याला नुसतं नाही म्हणू नका. जमलं तर त्याला आत्ता बोलवा, आठ दिवसांसाठी का होईना, ती शेपटी हलवू शकतेय तोवर. ती त्याचा वास अजून विसरलेली नाही, कुत्री विसरत नाहीत. नंतर येऊन पिल्लू बघण्यापेक्षा ते कितीतरी मोलाचं आहे, तिच्यासाठीसुद्धा.

आईंच्या पाप या शब्दावर मी काही बोलणार नाही, तो त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे. पण त्यांना भीती वाटत असेल की आपण कुत्र्यावर फार जीव लावतोय आणि हे बरं नाही, तर त्यांना सांगा, इथे साताऱ्याजवळ संगम माहुलीला साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. छत्रपतींनी कुत्र्यासाठी दगड बसवला. मी कधीकधी ज्यांचं जनावर गेलंय अशा लोकांना तिथे जाऊन या म्हणते, नदीकाठी शांत असतं. खंड्या एकच झाला, म्हणून समाधी झाली.

इतकं वाचूनही तुम्ही आणि भाऊ ठाम असाल तर मी माहिती लपवणार नाही, ते माझ्या स्वभावात बसत नाही. पेशी जिवंतपणीच घेतलेल्या चांगल्या, कातडीचा बारीक तुकडा लागतो, पण किडनीच्या पेशंटला त्यासाठी पूर्ण भूल देऊ नका, जागेपुरती बधिर करून होतं. गेल्यानंतर घ्यायच्या असतील तर शरीर फ्रीझरमध्ये अजिबात ठेवायचं नाही, बर्फ झाला की पेशी फुटतात, फ्रिजच्या गारव्यात ठेवून लवकरात लवकर, फार तर पाचएक दिवसांत. पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ डिग्रीला वर्षानुवर्षं राहतात, म्हणून बरेच लोक म्हणतात नुसत्या साठवून ठेवू, मग बघू. यात कोणत्याच कुत्रीला त्रास नाही, त्यामुळे मी याला चूक म्हणत नाही. पण दोन घरं अशी बघितलीत जिथे दरवर्षी साठवणुकीचं बिल येतं आणि दरवर्षी तोच दिवस परत उगवतो. आणि कंपनीला भावाने लेखी विचारावं की बीजांडं किती कुत्र्यांकडून घेणार, किती जणींच्या पोटात गर्भ ठेवणार, एका कुत्रीवर किती वेळा ऑपरेशन करता, काम संपल्यावर त्या कुठे जातात, आणि एकापेक्षा जास्त पिल्लं झाली तर बाकीच्यांचं काय. उत्तर गोलमोल आलं तर तेच उत्तर समजा.

आता चिकूकडे या, कारण ती अजून आहे. रिपोर्टमध्ये तुम्ही फक्त क्रिएटिनिन लिहिलंय, फॉस्फरस, पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि ब्लड प्रेशर पण बघून घ्या, त्यावर औषधं बदलतात. कातडीखाली सलाइन घरी द्यायला शिका, अवघड नाही. मानेमागची कातडी तंबूसारखी वर उचलायची, सुई सरकवायची, बाटली हँगरला लटकवून खिडकीला अडकवायची, दहा-पंधरा मिनिटांत होतं, तेवढ्या वेळ आईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं तर ती हलणारसुद्धा नाही. किती द्यायचं ते तुमच्या डॉक्टरांना वजन करून विचारा, मनाने वाढवू नका, हृदयावर ताण येतो. माणसांची पेनकिलर, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, चुकूनही नको. कलेजी बंद करा, किडनी डाएटचं खाणं कोमट करून द्या, वास आला की खातात. तोंडाला लघवीसारखा वास यायला लागला किंवा हिरड्यांवर फोड दिसले तर लगेच दाखवा, मळमळीची गोळी चालू केली की दोन दिवसांत फरक पडतो.

आणि तिचं पाणी वाढलंय म्हणजे रात्री लघवीला उठावं लागणार, तेव्हा रागावू नका, घरात होईल, जुन्या चादरी टाकून ठेवा. पाण्याची भांडी तीन-चार ठिकाणी ठेवा, एक तुमच्या पलंगाजवळ. स्कूटरवर बसायची तिची सवय अजून आहे असं लिहिलंय, तर फूटबोर्डवर दुमडलेली गोधडी टाका, तिची हाडं आता टोचत असतील, आणि सकाळी ऊन चढायच्या आत गल्लीत एक हळू चक्कर मारून आणा.